'वाचन', 'बदल', 'पूर्ण ताबा' : फोल्डरच्या परवानगीचे नाव संगणकाच्या हक्कात कसे उतरते

बेळगाव : निपाणीतील तंबाखूची पेढी असो, खानापूरची पतसंस्था असो नाहीतर बेळगावातले टॅक्स सल्लागाराचे ऑफिस, सगळ्यांचे दप्तर आता एका सामायिक फोल्डरमध्ये जाऊन बसले आहे. त्यात कर्जाच्या फायली असतात, सभासदांची आधार कार्डे असतात, पगारपत्रक असते. कुणी काय बघायचे आणि कुणी काय बदलायचे याची यादी मॅनेजर एक्सेलमध्ये करून देतो. 'कॅशियर : वाचन. कर्ज विभाग : बदल. मॅनेजर : पूर्ण ताबा.' मग संगणक सांभाळणारा पोरगा एकेका फोल्डरवर राइट क्लिक करत बसतो. चार माणसे आणि तीन फोल्डर असले तर तासाभरात उरकते. शाखा वाढल्या, बदल्या झाल्या की हे काम हाताने होत नाही, आणि झाले तरी बरोबर होत नाही. तिथे स्क्रिप्ट लागते.

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला एकामागून एक द्यायच्या सूचनांची साधी फाईल. ती यादीतली एक ओळ वाचते, 'बदल' या शब्दाचे संगणकाला कळणाऱ्या हक्कात रूपांतर करते, तो हक्क फोल्डरवर लावते आणि पुढच्या ओळीकडे जाते. सांगायला एवढेच. पण शब्दाचा हक्क होतो त्या ठिकाणी चूक झाली तर ती शंभर फोल्डरवर एका मिनिटात पसरते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. फायली उघडत असतात, कामे चालू असतात. कर्जाच्या फायलीतला आकडा कुणी बदलला याचे भांडण निघते तेव्हाच परवानग्या तपासल्या जातात.

रकान्यात काय आहे ते महत्त्वाचे

सीमाभागातल्या माणसाला ही गोष्ट उताऱ्यावरून चटकन कळेल. कागल तालुक्यात सातबारा, पलीकडे निपाणी तालुक्यात आरटीसी. एक मराठीत, दुसरा कन्नडमध्ये. सातबारावर 'इतर हक्क' असा रकाना असतो. आरटीसीत मालकाचे नाव ९ नंबरच्या रकान्यात आणि कर्जाचा बोजा, इतर हक्क ११ नंबरच्या रकान्यात येतात. घरात 'रान आमच्याच नावावर आहे' असे म्हटले जाते, पण बँकेचा अधिकारी ते ऐकत नाही, तो रकाना बघतो. 'इतर हक्क' हे नाव माहीत असलेल्या माणसाच्या हातात आरटीसी दिला तर कोणता रकाना त्याच्याशी जुळतो हे आधी कुणीतरी सांगावे लागते. परवानगीच्या स्क्रिप्टमध्येही असाच एक जुळवणीचा तक्ता असतो. डाव्या बाजूला माणसांचा शब्द, उजव्या बाजूला संगणकाचा हक्क.

कर्नाटकातल्या 'भूमी' योजनेत सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांचे सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आले, तेव्हा तलाठ्याच्या हातची वही बंद झाली. त्याबरोबर प्रश्न आला की नोंद कोण करणार आणि मंजूर कोण करणार. नोंद भरणारा ऑपरेटर वेगळा, फेरफार मंजूर करणारा महसूल निरीक्षक वेगळा, आणि नुसत्या पासवर्डवर न भागवता बोटाचा ठसा, म्हणजे 'हे मी केलेच नाही' म्हणायला जागा नको. तालुका कचेरीच्या पातळीवर हे करता आले, मग पंधरा माणसांच्या ऑफिसला का जड वाटावे, कळत नाही.

संगणकाच्या आत नाव नसतेच

विंडोजमध्ये प्रत्येक फोल्डरला आणि फायलीला एक प्रवेश नियंत्रण यादी चिकटलेली असते. तिला एसीएल म्हणतात. या यादीतल्या प्रत्येक नोंदीत कोण, काय, आणि परवानगी की मनाई, एवढे असते. यातले 'काय' हा शब्द नसून एक आकडा असतो. लहान लहान हक्कांना वेगवेगळे आकडे दिलेले असतात आणि त्यांची बेरीज करून मोठा हक्क बनतो.

उदाहरण घेऊ. फायलीतला मजकूर वाचणे म्हणजे १. जादा गुणधर्म वाचणे ८. साधे गुणधर्म वाचणे १२८. परवानग्या कोणत्या आहेत ते वाचणे १३१०७२. या चौघांची बेरीज १३१२०९, आणि पडद्यावर जे 'रीड' दिसते ते हेच. त्यात चालवण्याचा हक्क, म्हणजे ३२, मिळवला की १३१२४१ होतात, त्याचे नाव 'रीड अँड एक्झिक्यूट'. फोल्डरच्या बाबतीत या ३२ चा अर्थ आत शिरून पुढे जाणे असा होतो. 'राइट' मात्र फक्त २७८ चे असते : मजकूर लिहिणे २, शेवटी भर घालणे ४, जादा गुणधर्म लिहिणे १६, साधे गुणधर्म लिहिणे २५६. त्यात वाचन येत नाही. यादीत कुणी 'लेखन' असे लिहिले आणि स्क्रिप्टने त्याचे सरळ 'राइट' केले, तर त्या माणसाला आपणच टाकलेली फाईल उघडता येत नाही. मराठीत लेखन म्हटले की वाचन त्यात धरलेलेच असते, संगणकात ते वेगळे द्यावे लागते.

'मॉडिफाय', म्हणजे आपल्या यादीतला 'बदल', हा १३१२४१ अधिक २७८ अधिक पुसण्याचा हक्क ६५५३६, एकूण १९७०५५. या शब्दाने भल्याभल्यांना फसवले आहे. बदल करू देणे म्हणजे आकडा दुरुस्त करू देणे, असे मॅनेजरच्या मनात असते, आणि विंडोजच्या 'मॉडिफाय'मध्ये फाईल डिलीट करणेही बसते. शिवाय परवानगी देताना विंडोज बहुतेक वेळा १०४८५७६ हा 'सिंक्रोनाइझ' नावाचा हक्क आपोआप जोडते, म्हणून तपासताना १९७०५५ च्या जागी १२४५६३१ दिसले तर घाबरायचे कारण नाही.

'फुल कंट्रोल'चा आकडा २०३२१२७. यातून १२४५६३१ वजा केले की उरतात ७८६४९६, आणि हा फरक समजून घेतला पाहिजे. त्यात तीन हक्क आहेत. आतल्या फायली आणि उपफोल्डर पुसणे, ६४. परवानग्या बदलणे, २६२१४४. मालकी आपल्याकडे घेणे, ५२४२८८. म्हणजे पूर्ण ताबा असलेला माणूस नुसता फाईल बदलत नाही, तर उद्या कुणाला काय दिसेल हेही ठरवतो. मॅनेजरला मान म्हणून 'फुल कंट्रोल' द्यायची पद्धत सगळीकडे आहे. कामाला 'मॉडिफाय' पुरते. पूर्ण ताबा परवानग्या सांभाळणाऱ्या एका खात्याकडे ठेवावा, आणि त्या खात्यावरून रोजचे काम करू नये.

तक्ता कसा लिहायचा

वरचे आकडे स्क्रिप्टमध्ये पाठ करून लिहावे लागत नाहीत. विंडोजच्या पॉवरशेलला 'मॉडिफाय' हे अधिकृत इंग्रजी नाव दिले की आकडा ते स्वतः काढते. आपल्याला फक्त आपला शब्द आणि ते नाव यांची जोडी लावायची असते. साध्या ऑफिसला एवढा तक्ता पुरतो :

पाहणे = रीड अँड एक्झिक्यूट
काम = मॉडिफाय
सांभाळ = फुल कंट्रोल
बंद = नोंदच नाही

चार शब्द, पाचवा नाही. पाचवा लागला तर त्यासाठी मॅनेजरची सही असावी. हा तक्ता संस्थेने ठरवायचा असतो, संगणकवाल्याने नव्हे. त्याला हुकूम लिहिता येतात, पण कर्ज विभागातल्या कारकुनाने जुनी फाईल पुसावी की नाही हे त्याला कसे माहीत असणार?

यादीत तक्त्याबाहेरचा शब्द आला तर काय, हे स्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवले पाहिजे. कुणी 'काम' ऐवजी 'कामकाज' लिहिले, रकाना रिकामा सोडला, किंवा शेजारच्या टेबलावरून कन्नडमध्ये 'बदलावणे' असे लिहून आले. अशा वेळी स्क्रिप्टने ती ओळ सोडून द्यावी, हक्क काहीही देऊ नये आणि ओळीचा नंबर वेगळ्या फाईलमध्ये लिहून ठेवावा. 'नाही जुळले तर मॉडिफाय देऊन टाक', अशी सोय काही जण करून ठेवतात, कारण फोन कमी येतात. फोन येऊ देत. हक्क न मिळालेला माणूस पाच मिनिटांत ओरडतो, जास्तीचा हक्क मिळालेला कधीच ओरडत नाही.

दिसायला एकच, आतून वेगळे

मराठीत यादी करणाऱ्यांना एक जादा अडचण येते. 'अधिकाऱ्यांना' या शब्दातला 'ऱ्य' टाइप करायचे दोन मार्ग प्रचारात आहेत. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मध्ये एक न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण स्क्रिप्टच्या दृष्टीने हे दोन निराळे शब्द आहेत. युनिकोडची नेहमीची एकरूप करण्याची क्रिया चालवली तरी हा फरक मिटत नाही. म्हणून तक्त्यातले शब्द 'पाहणे', 'काम', 'सांभाळ', 'बंद' असे निवडायचे की ज्यात ही भानगडच नाही. शब्दाच्या मागेपुढे राहिलेली मोकळी जागा स्क्रिप्टने आधी छाटून घ्यावी. त्याहून सोपे म्हणजे एक्सेलच्या रकान्यात हाताने लिहायचेच नाही, चार शब्दांतून निवडायची सोय करून द्यायची.

जुन्या यादीत श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर असेल तर तो आधी युनिकोडमध्ये आणावा. त्या फॉन्टमध्ये अक्षरे मराठी दिसतात, आत मात्र भलतीच चिन्हे साठवलेली असतात. नुडीमध्ये टाइप केलेल्या जुन्या कन्नड याद्यांचेही तेच.

आणखी एक खोच आहे. स्क्रिप्टच्या फाईलमध्येच देवनागरी शब्द असतील तर ती कशी सेव्ह केली याने फरक पडतो. विंडोजबरोबर येणारे पॉवरशेल ५.१ अजून बहुतेक ऑफिसांत चालते, आणि ते सुरुवातीची खूणचिठ्ठी नसलेली यूटीएफ-८ फाईल जुन्या पद्धतीची समजून वाचते. मग 'काम'चा चिखल होतो आणि तक्ता कशाशीच जुळत नाही. फाईल 'यूटीएफ-८ विथ बीओएम' अशी सेव्ह केली की हे टळते.

माणसांच्या आणि गटांच्या नावांबाबतही विंडोज आत आकडाच वापरते. त्याला एसआयडी म्हणतात. 'एव्हरीवन' हा गट कुठल्याही भाषेच्या विंडोजमध्ये एस-१-१-० असतो, आणि त्या संगणकाचा प्रशासक गट एस-१-५-३२-५४४. या ठराविक गटांसाठी नावाऐवजी हा क्रमांक लिहिला तर विंडोज कोणत्या भाषेतले आहे याची फिकीर राहत नाही. माणसांसाठी मात्र थेट नावाने हक्क देऊ नये. 'कर्ज विभाग' असा गट करावा, हक्क गटाला द्यावा आणि माणसे गटात घालावी-काढावी. बदली झाली की फक्त गट बदलतो, फोल्डरला हात लावायला नको. एवढेच की गट बदलल्यावर त्या माणसाने लॉग आउट होऊन पुन्हा आत यायला हवे, तोवर जुनाच हक्क चालू राहतो.

स्क्रिप्ट चालली, पण हक्क कमी झाला नाही

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. समजा निपाणी शाखेतली बाई चिकोडीला गेली. यादीत निपाणीच्या फोल्डरसमोर तिचे 'काम' खोडून 'पाहणे' केले आणि स्क्रिप्ट चालवली. लाल अक्षरात काही आले नाही. तरीही ती निपाणीच्या फायली बदलू शकते. कारण पॉवरशेलमधली 'ॲड ॲक्सेस रूल' ही क्रिया आधीच्या हक्कात भर घालते, आधीचा काढत नाही. 'मॉडिफाय'मध्ये 'रीड' मिळवले तर 'मॉडिफाय'च राहते. जुने काढून नवे बसवायचे तर 'सेट ॲक्सेस रूल' वापरावे लागते. आयकॅक्ल्स हा जुना हुकूम वापरणाऱ्यांनी नुसत्या 'ग्रँट'ऐवजी 'ग्रँट'पुढे विसर्ग आणि 'आर' असलेला प्रकार घ्यावा. यादी नुसती वाढवायची नसून ती खरी करायची आहे, हे स्क्रिप्टला असे सांगावे लागते. यादीतून नाव पूर्ण गेले असेल तर त्या माणसाची नोंद शोधून काढणारा भाग वेगळा लिहावा लागतो, ते आपोआप होत नाही.

दुसरा घोळ वारशाचा. फोल्डरवर दिलेला हक्क आतल्या फायलींना आणि उपफोल्डरना मिळावा यासाठी नियमात दोन वारसा खुणा लावाव्या लागतात, एक उपफोल्डरसाठी, एक फायलींसाठी. त्या विसरल्या तर फोल्डर उघडतो, पण त्यात नंतर तयार झालेल्या फायली उघडत नाहीत. वरून येणारा वारसा आहे की हक्क त्याच फोल्डरवर थेट दिला आहे, यावर मनाईचे वजनही ठरते. विंडोज आधी थेट मनाई बघते, मग थेट परवानगी, मग वारशाने आलेली मनाई, शेवटी वारशाने आलेली परवानगी. त्यामुळे वरच्या फोल्डरवर मनाई लावून निर्धास्त बसलेल्या माणसाच्या नाकाखाली आतल्या फोल्डरवरची एक थेट परवानगी भारी पडते. मनाईच्या नोंदी शक्यतो वापरूच नयेत. हक्क दिलाच नाही तर तो नसतोच.

नेटवर्कवरून फोल्डर उघडताना शेअरच्या परवानगीची वेगळी चाळण असते. दोन्हींपैकी जी घट्ट, ती लागू होते. फोल्डरला 'मॉडिफाय' दिले आणि शेअरला फक्त 'रीड' ठेवले तर कितीही वेळा स्क्रिप्ट चालवा, फाईल सेव्ह होणार नाही.

भलते आकडे दिसले तर

स्क्रिप्टने सध्याच्या परवानग्यांची यादी काढली की कधी कधी नावाच्या जागी -१६१०६१२७३६ असा उणे आकडा येतो आणि व्हायरस आला की काय असे वाटते. तसे काही नसते. हे सर्वसाधारण हक्कांचे आकडे आहेत, आणि पॉवरशेलला त्यांचे नाव लावता येत नाही म्हणून ते तसेच छापले जातात. २६८४३५४५६ म्हणजे पूर्ण ताबा, -१६१०६१२७३६ म्हणजे वाचणे आणि चालवणे, -५३६८०५३७६ म्हणजे व्यवहारात 'मॉडिफाय'. तपासणीच्या स्क्रिप्टमध्ये या तीन ओळी उलट्या तक्त्यात घालून ठेवल्या की अहवाल वाचता येतो. नाही घातल्या तर अहवाल बघणारा माणूस नेमकी हीच ओळ सोडून पुढे जातो, आणि २६८४३५४५६ असेल तर तिथेच पूर्ण ताबा दडलेला असतो.

लिनक्सवर हे सगळे फार सुटसुटीत आहे. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १, आणि मालक, गट, बाकीचे असे तीन आकडे. ७५० म्हणजे मालकाला सगळे, गटाला वाचणे आणि आत शिरणे, बाकीच्यांना काही नाही. एकाच फोल्डरवर दोन-तीन विभागांना वेगवेगळे हक्क द्यायचे झाले की मात्र तिथेही विस्तारित यादी लागते.

कायदा काय म्हणतो

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये सायबर हल्ला होऊन ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. तो हल्ला फोल्डरच्या परवानग्यांचा नव्हता, पण सहकारी संस्थांना संगणकाच्या बंदोबस्ताची आठवण त्याने नीट करून दिली. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ ला नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट काढली. तिचा रोख असा की कर्मचाऱ्याच्या रोजच्या संगणकावर प्रशासकाचे हक्क नकोत आणि बाकी हक्क कामापुरतेच हवेत. पतसंस्था या चौकटीत येत नाहीत. तरी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा बँक-पतसंस्था असा भेद करत नाही. लोकांची माहिती सांभाळताना वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा आकडा छोट्या संस्थेला लागेल तसाच्या तसा, असे नाही. पण सभासदांची आधार कार्डे 'एव्हरीवन : फुल कंट्रोल' फोल्डरमध्ये पडलेली असतील तर तिला वाजवी सुरक्षा म्हणता येणार नाही.

चालवण्याआधी

सध्याच्या परवानग्या आधी फाईलमध्ये उतरवून ठेवाव्यात. आयकॅक्ल्समध्ये 'सेव्ह' आणि 'रिस्टोर' अशी सोय आहे, बिघडले तर पूर्वपदावर येता येते. ही परवानग्यांची प्रत आहे, फायलींची नव्हे. फायलींचा बॅकअप वेगळा घ्यावा. पहिल्या खेपेला स्क्रिप्टने काही बदल न करता फक्त 'अमुक फोल्डर, अमुक गट, आधी हे होते, आता हे होईल' असे छापून दाखवावे, आणि तो कागद मॅनेजरने यादीशी ताडून बघावा. मग एका रिकाम्या फोल्डरवर, मग एका शाखेवर.

पेन ड्राइव्हवर नेलेल्या फायलींना यातले काहीच लागू नसते. फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एसीएल साठवायला जागाच नाही. त्या संगणकाचा प्रशासक असलेला माणूस मालकी घेऊन काहीही उघडू शकतो, त्यालाही ही स्क्रिप्ट अडवत नाही.

शेवटची तपासणी प्रशासकाच्या खात्यावरून करून उपयोग नाही, त्याला सगळेच उघडते. कॅशियरच्या दर्जाचे एक चाचणी खाते तयार करावे, त्या खात्याने आत जावे आणि कर्जाची एक खोटी फाईल उघडून, बदलून, सेव्ह करून आणि पुसून बघावी. चारपैकी पहिलीच गोष्ट जमली पाहिजे.